रीस्टार्ट करायच्या आधी : वाचकांचे लिनक्सचे प्रश्न

लिनक्सच्या रोजच्या देखभालीत कुठं अडत असेल तर कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतून भरपूर मेल आणि मेसेज आले. लिहिणारे बहुतेक जण मोठ्या कंपनीतले ॲडमिन नाहीत. कोणी अडत दुकानात हिशेब बघतं आणि जोडीला सर्व्हरही बघतं, कोणी ग्रंथालयात आहे, कोणी शाळेत शिक्षक. मला ही मंडळी फार महत्त्वाची वाटतात, कारण यांच्या हातातलं एक मशीन बंद पडलं की गावातलं खरंखुरं काम थांबतं आणि मदतीला दुसरं कोणी नसतं. जवळजवळ सगळ्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट दिसली, अडलं की पहिला हात रीस्टार्टकडे जातो. रीस्टार्टनं कधी कधी चालू होतंही, पण त्या क्षणी कुठला प्रोग्रॅम काय धरून बसला होता हा पुरावा पुसला जातो आणि पुढच्या आठवड्यात तेच परत होतं. म्हणून खालच्या उत्तरांत आधी काय बघायचं ते सांगितलंय, हात नंतर लावायचा.

कमांड देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल. कॅपिटल लागेल तिथं तसं लिहिलंय.

प्रश्न : ताई, आमचं बेदाण्याचं अडत दुकान आहे, बिलिंगचा सर्व्हर उबुंटूवर चालतो. ऐन सौद्याच्या दिवशी दुपारी सगळं अडकलं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' यायला लागलं. शोधलं तर एक लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहितो ती) ९० जीबीची झालेली सापडली, ती आरएम करून उडवली, तरी डीएफ शंभर टक्केच दाखवतंय आणि डीयू लावलं तर निम्मी डिस्कपण भरलेली दिसत नाही. नक्की खरं कुणाचं धरायचं?
— एक अडते, तासगाव

उत्तर : दोघांचंही खरं आहे, दोघं मोजतात वेगळं. डीयू फोल्डरांतून फिरून नावानं सापडणाऱ्या फाइलींची बेरीज करतं, डीएफ मात्र थेट फाइलसिस्टीमला विचारतं की जागा किती उरली. तुम्ही आरएम केलंत तेव्हा फाइलचं फक्त नाव गेलं. ज्या प्रोग्रॅमनं ती लिहायला उघडली होती तो अजून चालूच आहे आणि तो सोडत नाही तोवर लिनक्स जागा परत देत नाही, उलट तो त्या बिननावाच्या फाइलीत अजून लिहीत असतो म्हणजे डिस्क आणखी भरत जाते आणि तुम्हाला दिसत काहीच नाही.

'सुडो एलएसओएफ +एल१' चालवा, यातलं 'एल' कॅपिटल. नाव गेलेल्या पण कोणीतरी धरून ठेवलेल्या फाइलींची यादी येईल. ओळीच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचं नाव, मग पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रॅमचा नंबर, मधे साइज बाइट्समध्ये आणि शेवटी 'डिलीटेड'. ९० जीबीचा आकडा एवढा लांबलचक असतो की लगेच नजरेत भरतो. मग फक्त त्या प्रोग्रॅमची सर्व्हिस 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट' आणि पुढे तिचं नाव देऊन परत सुरू करा, जागा त्याच क्षणी मोकळी होते. अख्खं मशीन बंद-चालू करायचं कारण नाही, सौदे चालू असताना तर नाहीच. पुढं कधी चालू लॉग फुगला तर आधी 'टेल -एन २००' नं शेवटच्या दोनशे ओळी दुसऱ्या फाइलीत काढून ठेवा आणि मग 'ट्रंकेट -एस ०' नं ती फाइल रिकामी करा. नाव राहतं, जागा मिळते आणि प्रोग्रॅमलाही धक्का लागत नाही.

त्या शेवटच्या ओळी ठेवायला सांगतेय त्याला कारण आहे. बिलिंगचा लॉग उगाच ९० जीबी होत नाही, आत एकच एरर सेकंदाला शेकडो वेळा छापली जात असणार, बहुतेक डेटाबेसचं कनेक्शन तुटलेलं किंवा प्रिंटर सापडत नाही असलं काहीतरी. ते दुरुस्त केलं नाही तर आठवड्यात परत तिथंच याल. ते केल्यावर लॉगरोटेट लावा, तो ठरावीक काळानं जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करतो, '/ईटीसी/लॉगरोटेट.डी' मध्ये तुमच्या बिलिंगच्या लॉगची एक छोटी फाइल, रोज फिरवायचा, सात ठेवायचे, जुने दाबून ठेवायचे, बास.

डिस्क भरल्यासारखी दिसायची आणखी कारणं असतात, तीही सांगून ठेवते. 'डीएफ -एच' मध्ये जागा दिसतेय आणि तरी 'नो स्पेस' येतंय, तर 'डीएफ -आय' बघा. फाइलसिस्टीममध्ये किती फाइली मावतात यालाही मर्यादा असते, पीएचपीच्या सेशनसारख्या लाखो बारक्या फाइली साचल्या की ती संपते. दुसरं, सिस्टिमडीचा जर्नल, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या कामाच्या नोंदी. तो स्वतःहून डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, छोट्या डिस्कवर ते खुपतं, 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम' नं कमी होतं, एम कॅपिटल. तिसरं, मायएसक्यूएल ८ असेल तर त्याचे बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी, ते ३० दिवस साठतात, ते आरएमनं कधीच काढू नका, मायएसक्यूएलच्या आत शिरून 'पर्ज बायनरी लॉग्ज' नंच काढायचे.

आणि एक जागा कोणालाच सुचत नाही. बॅकअपची यूएसबी डिस्क एखाद्या रात्री लागलेलीच नसते आणि बॅकअप '/एमएनटी/बॅकअप' या नुसत्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच लिहिला जातो. सकाळी डिस्क परत लावली की ती त्या फोल्डरवर बसते आणि खालचा ढीग झाकला जातो, डीयूलाही दिसत नाही. डिस्क अनमाउंट करून त्या फोल्डरमध्ये एकदा डोकवा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १' टाका, डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबेल.

प्रश्न : मॅडम, आमच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, डेबियन लिनक्सवर. डेटाबेसचा बॅकअप रात्री दोन वाजता क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) लावलाय, फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून 'डेट +%एफ' (एफ कॅपिटल) वापरलंय. तीच ओळ हातानं चालवली की फाइल तयार होते, क्रॉननं आजवर एकही झालेली नाही. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना आम्ही कॉम्प्युटरही बंद करतो, त्याचा काही संबंध असेल का?
— ग्रंथालय कर्मचारी, वाई

उत्तर : आहे की, आणि एकच नाही, तुमच्या चार ओळींत दोन कारणं दिसतायत.

पहिलं तुम्हीच लिहिलंय. क्रॉन मशीन चालू असेल तरच चालतो, हुकलेलं काम नंतर भरून काढत नाही. रात्री दोनला तुमचं मशीन बंद असतं, विषय संपला. वेळ दुपारी दीडची करा, जेवायच्या सुट्टीत. ग्रंथालयाचा डेटाबेस एवढा मोठा नसतो, थोड्या वेळात होऊन जातं. वेळ पाळायचीच नसेल, दिवसातून एकदा झालं म्हणजे झालं असं असेल, तर ॲनाक्रॉन टाका, तो मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतो.

दुसरं कारण ते टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत टक्का आला की क्रॉन कमांड तिथंच तोडतो आणि पुढचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून देतो, म्हणजे वेळ बदललीत तरी तुमची ओळ अर्धवटच चालणार. टक्क्याच्या आधी उलटा स्लॅश द्यायचा, किंवा त्याहून बरं, सगळी कमांड एका स्क्रिप्टमध्ये घाला आणि क्रॉनमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. स्क्रिप्टच्या आत टक्का चालतो. पूर्ण पत्ता मुद्दाम म्हणतेय, कारण तुम्ही टर्मिनलवर बसता तेव्हा प्रोग्रॅम कुठं कुठं शोधायचे याची मोठी यादी तयार असते, क्रॉनला फक्त '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' माहीत. हातानं होतं आणि क्रॉननं होत नाही याचं निम्म्या वेळा हेच उत्तर असतं.

आता हे तुमचं तुम्हाला कसं कळलं असतं? 'सुडो जर्नलसीटीएल -यू क्रॉन --सिन्स टुडे' बघायचं. ओळच नसेल तर क्रॉननं काम उचललंच नाही, म्हणजे मशीन बंद होतं किंवा वेळ चुकीची लिहिलीय. ओळ आहे आणि खाली 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' लिहिलंय, तर काम चाललं, त्यानं काहीतरी एरर दिली, पण ती मेलनं पाठवायची सोय मशीनवर नाही म्हणून क्रॉननं टाकून दिली. ती एरर पकडायला ओळीच्या शेवटी '>> /व्हार/लॉग/बॅकअप.लॉग २>&१' जोडा, दुसऱ्या दिवशी सगळं लिहून आलेलं असेल. '/व्हार/लॉग' मध्ये फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, लिहिता येतं, तेव्हा काम रूटच्या क्रॉनटॅबमध्ये नसेल तर फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवा.

कोहाचं डेबियन पॅकेज रोजचा बॅकअप स्वतःहून घेतं, '/व्हार/स्पूल/कोहा' मध्ये तुमच्या ग्रंथालयाच्या नावाच्या फोल्डरमध्ये बघा. तेही क्रॉनच्या रोजच्या कामांतूनच होतं आणि ॲनाक्रॉन नसलेल्या डेबियनवर ती कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुटतात, त्या वेळी तुमचं मशीन बंद, म्हणून तो फोल्डर बहुतेक रिकामा असेल. ॲनाक्रॉन टाकलात की हेही आपोआप सुरू होईल. मात्र तो बॅकअप त्याच डिस्कवर असतो, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर कॉपी घ्यावीच लागेल.

क्रॉनवर आलेच आहे तर दोन गोष्टी. '/ईटीसी/क्रॉन.डेली' मध्ये स्क्रिप्ट टाकलीत तर नावात टिंब नको, 'बॅकअप.एसएच' असं नाव असेल तर डेबियन ती चालवतच नाही आणि सांगतही नाही. दुसरी गोष्ट, 'क्रॉनटॅब -ई' म्हणजे बदल आणि 'क्रॉनटॅब -आर' म्हणजे सगळा क्रॉनटॅब साफ, विचारणा वगैरे काही नाही, आणि कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत. बदल करायच्या आधी 'क्रॉनटॅब -एल' चा आउटपुट एका फाइलीत काढून ठेवायची सवय लावा.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे. विंडोजमधून लिनक्सला आलं की घड्याळ साडेपाच तास पुढं, परत गेलं की साडेपाच तास मागं. बॅटरी बदलली तरी तेच.
— विद्यार्थी, सातारा

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. बॅटरी गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं, बरोब्बर साडेपाच तासांचा फरक पडत नाही. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी आहे असं धरतो, विंडोज भारतीय वेळ आहे असं धरतो, आणि दोघं एकमेकांचं घड्याळ बदलत बसतात. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' केलंस की लिनक्स विंडोजसारखं वागेल. टाइमडेटसीटीएल त्यावर एक इशारा दाखवतं, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करणाऱ्या देशांसाठी महत्त्वाचा, आपल्याकडे तसलं काही नाही तर लॅपटॉपवर चालून जातं. सर्व्हरवर मात्र हे करू नकोस, तिथं यूटीसीच ठेव.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. २०१९ च्या पुरात ऑफिसात पाणी शिरलं, सर्व्हर माळ्यावर टाकला म्हणून वाचला. त्यानंतर दोन डिस्कचा रेड-वन करून घेतलाय, आता बॅकअपची काळजी मिटली ना?
— कर सल्लागार, सांगली

उत्तर : नाही हो, अजिबात मिटली नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतेय. रेड-वन म्हणजे एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. पण चुकून एखाद्या क्लायंटचा फोल्डर उडवलात तर तो दोन्हीवरून एकदमच उडतो, रॅन्समवेअर आलं तर दोन्ही डिस्क एकदमच लॉक होतात, आणि पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात आहेत. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत परत पूर आला. गावभागात बसून दुसरी प्रत गावभागातच ठेवण्यात अर्थ नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर, हा जुना नियम आहे आणि तो तुमच्यासाठी तंतोतंत लागू पडतो. मूळ डेटा सर्व्हरवर, एक प्रत ऑफिसातल्या यूएसबी डिस्कवर, एक प्रत साताऱ्याला नाहीतर कराडला कोणी नातेवाईक असतील त्यांच्याकडच्या छोट्या मशीनवर नाहीतर भाड्याच्या क्लाउड जागेवर. बाहेर जाणारी प्रत रेस्टिक किंवा बोर्गनं घ्या, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही डेटा कुलूपबंद करून पाठवू शकतात आणि बदललेलाच भाग पाठवतात, त्यामुळे साध्या ब्रॉडबँडवरही चालतं. क्लायंटचे पॅन, बँकेचे तपशील असतात, ते उघडे कुठं जाऊ देऊ नका. त्या कुलपाचा पासवर्ड मात्र फक्त त्याच सर्व्हरवर ठेवू नका, कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, पासवर्ड गेला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

ऑफिसातल्या यूएसबी डिस्कला आरसिंक ही कॉपी करायची कमांड पुरे. त्यात एक खोच आहे, मूळ फोल्डरच्या नावापुढं शेवटी स्लॅश दिलात तर आतला माल कॉपी होतो, नाही दिलात तर फोल्डर धरून कॉपी होतो. आणि '--डिलीट' लावलंत की मूळ ठिकाणी नसलेलं सगळं पलीकडूनही काढलं जातं. हे दोन्ही एकत्र चुकलं तर चांगला बॅकअप मिनिटात साफ होतो. प्रत्येक नवीन आरसिंक आधी '-एन' लावून चालवा, तो नुसतं काय करणार ते सांगतो, करत काही नाही. ती यादी वाचा, मग '-एन' काढा.

आणि दर महिन्याला एक फोल्डर बॅकअपमधून परत काढून उघडून बघा, एखादी एक्सेल शीट, एखादी पीडीएफ. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, एवढ्या काळात डिस्क बदलणार, मशीन बदलणार, तेव्हा परत काढता येतो की नाही हे आत्ताच तपासलेलं बरं.

प्रश्न : ताई मी विट्याजवळच्या एका दूध संस्थेची वेबसाइट बघतो, भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) आहे, उबुंटू. परवा सहज ऑथ.लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडली तर मिनिटामिनिटाला कोणतरी रूट, ॲडमिन, टेस्ट असल्या नावानं लॉगिन करायला बघतंय. संस्थेची निवडणूक जवळ आलीय, विरोधी पॅनेलवाले असतील काय?
— वेबसाइट बघणारा पोरगा, विटा

उत्तर : निवडणुकीचा काही संबंध नाही, निवांत राहा. एसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक एसएसएचवर हे रात्रंदिवस चालतं, प्रोग्रॅम सगळे आयपी एकेक करून ठोठावत असतात, तुझी दूध संस्था त्यांना माहीतही नाही. 'फेल्ड' च्या ओळी मोजत बसू नकोस, 'सुडो ग्रेप ॲक्सेप्टेड /व्हार/लॉग/ऑथ.लॉग' बघ, ॲक्सेप्टेडमधला पहिला ए कॅपिटल. त्यात प्रत्येक यशस्वी लॉगिनची वेळ, युजर आणि आयपी येतो. त्यातलं प्रत्येक लॉगिन तुझं किंवा तुझ्या माणसाचं आहे ना एवढं पटवून घे. एखादं अनोळखी निघालं तर मग मात्र साफसफाई करत बसायचं नाही, नवीन व्हीपीएस घ्यायचा, बॅकअपमधून साइट उभी करायची, सगळे पासवर्ड बदलायचे.

सगळं ठीक असेल तर पासवर्डनं लॉगिनच बंद कर. लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' नं की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली, बनव, 'एसएसएच-कॉपी-आयडी' नं सर्व्हरवर टाक, कीनं लॉगिन होतंय हे बघ, आणि मगच 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' कर. इथं बरेच जण फसतात. उबुंटूच्या व्हीपीएसवर '/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी' मध्ये '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात 'यस' लिहिलेलं असतं. एसएसएचमध्ये जी किंमत पहिल्यांदा वाचली जाते तीच धरली जाते आणि हा फोल्डर मुख्य फाइलच्या आधी वाचतात, म्हणजे तू मुख्य फाइलीत 'नो' लिहून खूश आणि पासवर्ड चालूच. त्याच फोल्डरमध्ये १० आकड्यानं सुरू होणारी तुझी फाइल कर, तिच्यात 'नो' लिही. 'सुडो एसएसएचडी -टी' नं लिहिण्यात चूक नाही ना ते तपास, सर्व्हिस रीलोड कर आणि मग कॅपिटल टीनं 'सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप पासवर्ड' करून प्रत्यक्षात काय लागू आहे ते डोळ्यांनी बघ.

हे करताना चालू असलेली एसएसएच विंडो बंद करू नकोस, दुसरी नवीन उघडून लॉगिन होतंय का बघ, झालं की मगच पहिली मिट. फायरवॉललाही तेच, आधी 'यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच', ओ आणि एसएसएच कॅपिटलमध्ये, आणि नंतर 'यूएफडब्ल्यू एनेबल'. क्रम उलटा झाला की आपणच बाहेर, मग व्हीपीएसवाल्याच्या पॅनेलमधला कन्सोल शोधावा लागतो. फेलटूबॅन टाकायचं असेल तर टाक, पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं बंदी असा त्याचा मूळचा हिशेब आहे, त्यानं लॉगची गर्दी कमी होते, पण पासवर्ड बंद केल्यावर खरं संरक्षण झालेलंच असतं. पोर्ट बदलणं मला तरी गरजेचं वाटत नाही.

प्रश्न : मिरजेत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्टचा फोल्डर सांबानं (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारं सॉफ्टवेअर) शेअर केलाय, एकानं बनवलेली फाइल दुसऱ्याला सेव्ह करता येत नाही. बसवून देणाऱ्यानं फोनवर '७७७ मारा' म्हणून सांगितलं, मारलं, दोन दिवस चाललं, परत तेच. आता तो म्हणतो वरपासून सगळ्याला मारा.
— लॅबचे व्यवस्थापक, मिरज

उत्तर : ७७७ म्हणजे त्या फाइलीवर सगळ्यांना सगळी परवानगी. वरपासून अजिबात मारू नका. मुळापासून, म्हणजे नुसत्या स्लॅशवर 'सीएचमॉड -कॅपिटल आर ७७७' चाललं की सुडोच्या प्रोग्रॅमवरची खास परवानगी पुसली जाते आणि सुडो चालायचाच बंद होतो, एसएसएचही तुमच्या किल्ल्या नाकारतो, आणि तुमच्या स्वतःच्या फाइलींना आधी काय परवानगी होती याची नोंद कुठंच नसते. शेवटी नव्यानं इन्स्टॉल. शिवाय पेशंटचे रिपोर्ट त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला बदलता येणं हे बरोबर नाही.

७७७ मारल्यावर दोन दिवस चाललं, कारण तेव्हा असलेल्या फाइलींना परवानगी मिळाली, नंतर बनलेल्या नव्या फाइली परत जुन्याच पद्धतीनं बनल्या. फाइली बनतानाच बरोबर बनायला हव्यात. 'ग्रुपॲड रिपोर्ट' नं ग्रुप करा, लॅबमधली माणसं त्यात घाला, फोल्डर 'सीएचजीआरपी' नं त्या ग्रुपचा करा आणि फोल्डरला २७७० द्या. पुढचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आत बनणारी प्रत्येक फाइल बनवणाऱ्याच्या नाही तर रिपोर्ट ग्रुपच्या नावावर पडते. मग सांबाच्या कॉन्फिगमध्ये त्या शेअरखाली 'फोर्स ग्रुप = रिपोर्ट', 'क्रिएट मास्क = ०६६०', 'फोर्स क्रिएट मोड = ०६६०', 'डिरेक्टरी मास्क = २७७०' आणि 'फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०'. 'टेस्टपार्म' चालवून कॉन्फिग तपासा, सांबा रीलोड करा, सगळ्यांना एकदा लॉगआउट-लॉगिन करायला लावा. जुन्या फाइलींना 'फाइंड' नं एकदाच, फाइलींना ६६० आणि फोल्डरना २७७० असं वेगवेगळं.

तुमच्या मेलमध्ये खाली सेंटओएस ७ असल्याचं दिसलं. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर जायची तारीख ठरवा, आणि त्याच मशीनवर उड्या मारत अपग्रेड करण्यापेक्षा दुसऱ्या मशीनवर नव्यानं बसवून डेटा हलवलेला मला जास्त सुरक्षित वाटतो. जुनं मशीन नेटपासून तोडून महिनाभर तसंच ठेवा.

प्रश्न : पाटण तालुक्यात आमची शाळा आहे, पावसाळ्यात लाइट सारखी जाते. लॅबचा डेबियन सर्व्हर आज सकाळी चालूच झाला नाही, काळ्या स्क्रीनवर 'इनिटरामएफएस' लिहून कर्सर थांबलाय. यूपीएस आहे पण तो वीस मिनिटांत संपतो, रात्री शाळेत कोणी नसतं. फॉरमॅट मारू का?
— शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : गुरुजी, फॉरमॅट नको, बहुतेक वेळा यातून सगळं परत मिळतं. लिहिता-लिहिता लाइट गेली की फाइलसिस्टीमची नोंदवही अर्धवट राहते, लिनक्सला ती आपोआप नीट करता आली नाही म्हणून तो तुमची वाट बघत थांबलाय. तिथंच 'एक्झिट' टाइप करून एंटर मारा, कुठल्या पार्टिशनची तक्रार आहे ते छापून येईल, समजा '/डेव्ह/एसडीए२'. मग 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२'. संपल्यावर 'रीबूट -एफ'. डेटा फार मोलाचा असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर हे करायच्या आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि डीडीरेस्क्यूनं तिची कॉपी घ्या, डिस्क स्वतःच मरत असेल तर दुरुस्तीच्या धडपडीत ती आणखी जाते.

मशीन चालू झालं की लगेच 'सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए'. हार्ड डिस्क असेल तर त्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळींचा शेवटचा आकडा बघा. शून्य असेल तर दोष लाइटचा. १९७ मध्ये काही आकडा असेल तर डिस्कवरचा काही भाग वाचता येत नाहीये, डेटा हलवा आणि डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर आधी साटाची केबल बदलून बघा, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

आता यूपीएसचं. यूपीएसला मागं यूएसबीचं भोक असेल तर ते सर्व्हरला जोडा आणि नट नावाचं पॅकेज टाका, बॅटरी कमी झाली की ते मशीन नीट बंद करतं. आपल्याकडे बरेच यूपीएस साधे, त्यांना यूएसबी नसतं. त्यावर एक युक्ती आहे, एखादा जुना राउटर यूपीएसवर न लावता सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि नेटवर्कच्या केबलनं ज्या स्विचला सर्व्हर आहे त्याच स्विचला जोडा. राउटरला कायमचा आयपी द्या आणि त्याचं डीएचसीपी बंद करा, नाहीतर लॅबमधल्या मशीनना तोच पत्ते वाटायला लागेल. स्विच मात्र यूपीएसवर हवा. सर्व्हरवर क्रॉननं दर मिनिटाला त्या राउटरला पिंग करायचं, सलग पाच मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे लाइट गेलीय, 'शटडाउन -एच नाउ'. यूपीएस वीस मिनिटं टिकतो म्हणजे पाच मिनिटं थांबायला भरपूर जागा आहे. शाळेला इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या लाइनवर नाही ना हे बघून घ्या, नाहीतर त्याला लाइट गेल्याचं कळणारच नाही.

बायोसमध्ये लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते चालू करा. पण पाच मिनिटांनी मशीन बंद झालं आणि यूपीएस संपायच्या आत लाइट आली तर मशीनचा वीजपुरवठा तुटलेलाच नसतो, मग ते चालू होणार नाही, सकाळी कोणाला तरी बटण दाबावं लागेल. शिपाईमामांना ते बटण दाखवून ठेवा. चाचणी घ्याल ती शाळा सुटल्यावर, राउटरची पिन काढून, आणि सर्व्हरसमोर बसून.